श्रीहरीभाऊंची न पाहण्याची नोकरी

सावली गावात कोणाच्या घरी आज काय शिजलं, हे बाकीच्यांना वासावरून कळतं. श्रीहरी भांडेकरांना ते झाकण उचलून कळत असे. माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण समोर एखादी वस्तू झाकलेली, बांधलेली किंवा बंद केलेली दिसली की त्यांच्या बोटांना खाज सुटायची. ही खाज जन्मजात होती.

लहानपणी आईनं कोंबडी अंड्यांवर बसवली, तेव्हा आत पिल्लू कुठवर आलं हे पाहायला श्रीहरीनं रोज एक अंडं फोडलं. शेवटी ती बिचारी नुसत्या गवतावर बसून राहिली आणि आईनं तिच्याऐवजी श्रीहरीला झोडपलं. परसात वालाचे दाणे लावले, तर कोंब फुटला की नाही हे पाहायला तो दर संध्याकाळी दाणे उकरून काढायचा. त्या वर्षी वालाचा एकही वेल मांडवावर चढला नाही. लग्नात सासऱ्यानं हातातलं घड्याळ दिलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरदेवानं त्याचं मागचं झाकण काढून ठेवलेलं होतं. मीराबाई आजही सांगतात, की अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरा त्यांच्या तोंडाकडे न पाहता घड्याळाच्या पोटात पाहत होता.

अशा माणसाला गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली, हे गुरांचं भाग्य की दुर्भाग्य, ते गुरांनाच माहीत. काम होतं नायट्रोजनची टाकी सांभाळायचं. गाई फळवण्याचं वीर्य ज्या बारीक नळ्यांत असतं, त्या नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. आणि तो नायट्रोजन इतका थंड, की त्याच्यापुढे बर्फ म्हणजे गरम चहाच. टाकी सायकलला, मग मोटारसायकलला बांधून श्रीहरीभाऊ डॉक्टरांच्या मागे गावोगाव हिंडले. टाकीचं बूच काढलं की पांढरा धूर उसळायचा आणि भाऊ त्यात तोंड घालून आत पाहायचे. भर उन्हाळ्यात भुवयांवर दव जमलेला दुसरा माणूस तालुक्यात नव्हता.

मग ते निवृत्त झाले. पाहायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरातला मिक्सर उघडला. मग पाण्याची मोटर उघडली. मग टीव्ही उघडला. मीराबाईंनी देवाला हात जोडले, की ह्या माणसाला कुठी तरी कामाले लाव, नाही तर उद्या हा मलेच उघडून पाहील.

देवानं ऐकलं, आणि मंजुषा रामटेके हैदराबादहून परत आली.

मंजुषा म्हणजे खुशाल गुरुजींची मुलगी. शिकत शिकत डॉक्टर झालेली, पण सुई टोचणारी नव्हे. हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढून तिनं ठरवलं, की तेच काम आपल्या गावी करायचं. गुरुजींच्या घरामागे दोन खोल्या होत्या. तिथे गुरुजी एकेकाळी गणिताची शिकवणी घेत. त्या खोल्यांना तिनं रंग दिला, वातानुकूलन बसवलं, एक थंड कपाट आणलं, एक सूक्ष्मदर्शक आणला आणि दारावर पाटी लावली: ‘प्रथिन स्फटिक सेवा’. पाटी लागली त्या दिवशी जिममध्ये जाणारी दोन पोरं प्रोटीनचा डबा मागायला आली. एक बाई साडेसातीवर चालेल असा स्फटिक आहे का, म्हणून विचारून गेल्या. गुरुजींनी तिघांनाही पाणी पाजून परत पाठवलं.

काम काय होतं ते मंजुषानं श्रीहरीभाऊंना सावकाश समजावून सांगितलं. कारण भाऊंनी प्रश्नच इतके विचारले, की न सांगून सुटका नव्हती. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. ती आपल्याच अंगाभोवती एका ठरावीक पद्धतीनं दुमडून बसलेली असते. कशी दुमडली, त्यावर ती काय काम करते हे ठरतं. पण ती इतकी लहान, की जगातल्या चांगल्यात चांगल्या भिंगातूनही दिसत नाही. मग तिला पाहायचं कसं? एकटी सापडत नाही, तर लाखोंना रांगेत उभं करायचं. पंधरा ऑगस्टच्या कवायतीत पोरं उभी राहतात ना, सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला, तशी. त्या कवायतीचं नाव स्फटिक. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या ठिपक्यांवरून गणित मांडून साखळीचा आकार काढतात. किरण सोडायचं मोठं यंत्र इंदूरला. गणित करणारे ठिकठिकाणी. पण कवायत उभी करायची कोणी? पोरं रांगेत उभी करणं किती कठीण, हे गुरुजींना विचारा. ते काम मंजुषा करणार होती. कॉलेजांतून, संशोधन केंद्रांतून लोक आपापली प्रथिनं बर्फात घालून तिच्याकडे पाठवणार, आणि ती त्यांचे स्फटिक करून, नायट्रोजनमध्ये गोठवून देणार.

हा नायट्रोजन हाताळायला माणूस पाहिजे होता. सावलीत असा माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी घरी शिलाई मशीन उघडून बसला होता.

भाऊ हो म्हणाले. पगाराचं विचारायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. कपाटात काय आहे एवढंच विचारलं. मंजुषानं कपाट उघडून दाखवलं. आत काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या ताटल्या होत्या. प्रत्येक ताटलीत खळगेच खळगे, खळग्यात औषधी पाणी, वर काचेचं झाकण, आणि झाकणाला खालून टांगलेला एक थेंब. थेंबात प्रथिन. त्यातलं पाणी हळूहळू उडत जातं, थेंब दाट होतो आणि मनात आलं तर त्यात स्फटिक धरतो. बहुतेकदा मनात येत नाही.

“भाऊ, एकच गोष्ट सांगते,” मंजुषा म्हणाली. “ह्या कपाटाले हात लावायचा नाई. ताटली हालली, गरम झाली, की आतलं काम मोडते. आत काय होऊन राह्यलं ते पाह्याचं नाई. मी पाहीन, तेही कधीमधी.”

घरी येऊन भाऊंनी हे सांगितलं, तेव्हा मीराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या, की शेजारची मावशी काय झालं म्हणून कुंपणावरून डोकावली.

“साऱ्या दुनियेले पाह्याची नोकरी भेटते,” मीराबाई म्हणाल्या, “अन् तुमाले न पाह्याची भेटली.”

सुरुवातीला भाऊंनी नेटानं काम केलं. चंद्रपूरहून टाकी भरून आणायची, खोली पुसायची, आलेले डबे उतरवून घ्यायचे. कपाटासमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवून जात, त्यामुळे दोनदा दारावर आपटले. पण खाज ती खाज. मंजुषा जेवायला घरात गेली की कपाटाचं दार हलकेच उघडायचं, एक नजर टाकायची आणि लावायचं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नसे. पण बंद दार उघडून काहीच न दिसणं आणि बंद दार न उघडणं यांत फरक आहे, असं भाऊंचं मत होतं.

अशातच लाखोरी आली.

लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, ही सावलीच्या भागातलं घरचंच माणूस. धान कापणीला येतं तेव्हा बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, ओलाव्यावर लाखोरीचे दाणे फेकून द्यायचे. नांगर नाही, पाणी नाही, कौतुक नाही. धान निघून गेलं की मागे लाखोरी आपली आपण निळी फुलं घेऊन उभी असते. तिचे वडे होतात, डाळ होते, कोवळ्या पाल्याची भाजी होते. मधली कितीतरी वर्षं तिची विक्री बंद होती. ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणत. श्रीहरीभाऊ जन्मभर लाखोरी खात आले आणि त्यांचे पाय ठणठणीत होते. नको तिथे नेण्याची सवय सोडली, तर त्या पायांत काही दोष नव्हता.

नागपूरच्या एका प्राध्यापकांनी ह्या दाण्यातलं एक प्रथिन वेगळं काढलं होतं. ते दाण्यात नेमकं काय करतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. सगळ्या वर्षाच्या खटपटीचा अर्क एका नखाएवढ्या नळीत घालून त्यांनी मंजुषाकडे पाठवला. इंदूरच्या यंत्रावर त्यांना पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली होती. ती हुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं.

मंजुषासाठीही ही नळी साधी नव्हती. तोवर तिच्या ताटल्यांमध्ये खंडीभर थेंब सुकले होते, पण नाव घेण्याजोगा स्फटिक एक नव्हता. लाखोरीही हुकली तर दुकान आवरून हैदराबादला परत जायचं, असं तिनं घरात बोलून दाखवलं होतं. हे भाऊंना गुरुजींनी सांगितलं, आणि सांगताना ते चष्मा पुसत बसले. चष्मा आधीच स्वच्छ होता. पोरगी इतक्या वर्षांनी घरी आली होती. भाऊंना ती लहानपणी दवाखान्याच्या फाटकावर उभी राहून टाकीतला धूर पाहायची तेव्हापासून ठाऊक होती. धुरात तोंड घालायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिनं परत जाऊ नये, एवढं त्यांना फार वाटत होतं.

तिनं अर्धी लाखोरी ताटलीत लावली, अर्धी राखून ठेवली. काही दिवसांनी पाहिलं, तर एका थेंबात काहीतरी धरलेलं होतं. स्फटिक नव्हे, बारीक सुयांचा एक गोळा, गोखरूच्या काट्यासारखा. असा गोळा इंदूरला नेण्याच्या लायकीचा नसतो. पण काहीच नसण्यापेक्षा बरा. आणखी थोडे दिवस राहू द्यावं म्हणून मंजुषानं ताटली कपाटात ठेवली आणि ती एका कामासाठी चंद्रपूरला गेली.

त्या दुपारी मुखरू कोहळे गाय घेऊन आला.

मुखरू हा भाऊंचा जुना मित्र आणि दवाखान्याचं जुनं गिऱ्हाईक. टाकी घेऊन भाऊ रोज गुरुजींच्या घरामागे जातात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यावरून त्यानं सरळ हिशेब लावला, की गुरुजींच्या पोरीनं गाईंचा खाजगी दवाखाना काढला. असा हिशेब लावणारा तो पहिला नव्हता. पण गाय घेऊन येणारा पहिला होता. त्यानं गाय खिडकीच्या गजाला बांधली.

“भाऊ, गाय माजावर आली,” मुखरू म्हणाला. “सकाळपासून हंबरून राह्यली. टाकी आहे ना?”

“टाकी आहे गा. पण आत ते नाई. नुसता धूर आहे.”

“मंग धुरानं काय करता?”

“लाखोरी गारठवतो.”

मुखरूनं गाईकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. “काऊन?” त्यानं विचारलं.

ह्या ‘काऊन’चं, म्हणजे ‘कशासाठी’चं, उत्तर द्यायला भाऊंनी कवायतीपासून सुरुवात केली, पण मुखरू शाळेत फारसा गेलेला नव्हता. शिवाय उन्हातून गाय हाकत आलेला माणूस. दारी आला त्याला रिकामं परत पाठवायचं नाही, ही भाऊंच्या घरची रीत. आणि प्रयोगशाळेत चहा करायला मनाई. मग द्यायला राहिलं काय? राहिलं एकच. भाऊ म्हणाले, आता आलाच आहेस तं पाहून जा.

मंजुषाचं पाहून पाहून त्यांना सगळं येत होतं, असा त्यांचा समज होता. त्यांनी कपाट उघडलं, ताटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मुखरूनं डोळा लावला.

“मले तं काहीच नाई दिसत.”

“एक डोळा बंद कर गा.”

“केला. आता अंधार दिसते.”

“भिंगावरचा बंद केला तू. दुसरा कर.”

शेवटी भाऊंनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः डोळा लावला. आणि दिसला. काळ्यापांढऱ्या उजेडात सुयांचा तो गोळा, जन्मभर खाल्लेली लाखोरी अशी काटे फुलवून बसलेली. अजून थोडं स्पष्ट दिसावं म्हणून त्यांनी बाजूच्या चाकावर हात ठेवला. नेमका त्याच वेळी बाहेर रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. गाय बुजली. तिनं गजाला हिसका दिला, गज भिंतीत हलला, भिंतीला टेकलेलं टेबल हललं, आणि भाऊंचा हात चाकासकट फिरला. भिंग खाली येऊन काचेवर टेकलं. काच तिरपी झाली.

भाऊंनी पुन्हा पाहिलं, तेव्हा गोळा नव्हता. नुसता चुरा होता.

संध्याकाळी मंजुषा आली, तेव्हा दारात शेण होतं आणि शेणाशेजारी श्रीहरीभाऊ बसले होते. तिनं विचारण्याआधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं; मात्र गाईपासून सुरुवात केल्यामुळे मंजुषाला पहिल्यांदा वाटलं, की मुखरूची गाय दगावली. मग ती आत गेली. ती ओरडली असती तर भाऊंना बरं वाटलं असतं; ओरडून घेण्याची त्यांना सवय होती. ती सूक्ष्मदर्शकासमोर बसून राहिली आणि मान न वळवता म्हणाली, की भाऊ, तुम्ही आता घरी जा.

दुसऱ्या सकाळी ते खोलीची किल्ली परत करायला आले. मंजुषानं किल्लीकडे पाहिलंच नाही. तिच्या हाताशी ताटली होती आणि चेहरा वेगळा होता.

तिनं सांगितलं, की स्फटिकाला सुरुवात करणं हेच फार जड जातं. पण आधीच्या स्फटिकाचा एखादा बारीक तुकडा नव्या थेंबात पडला, की बाकीच्या साखळ्या त्याला धरून उभ्या राहतात. म्हणजे बी पेरायचं. त्या काटेरी गोळ्याचं असं बी तिला नाही तरी करायचंच होतं. पण तो आणखी वाढल्यावर, काचेची बारीक कांडी घेऊन, काळजीपूर्वक. भाऊंनी ते गाईच्या मदतीनं आधीच केलं होतं.

“बरं केलं म्हणत नाई मी,” मंजुषा म्हणाली. “पण आता झालंच आहे तं वापरू. उरलेली अर्धी लावते. ही गेली तं संपलं, भाऊ.”

बी उचलून नव्या थेंबात पेरायला एक केस लागतो; बारीक, ताठ, टोकदार. हैदराबादेत मांजराच्या मिशीचा केस वापरत. तिनं सोबत आणलेला केस कधीच तुटला होता. भाऊंनी ती जबाबदारी लगेच अंगावर घेतली, कारण त्यांना काहीतरी करायचं होतं. वाटीत दूध आणि खिशात कात्री घेऊन ते शेजारच्या मांजरापाशी गेले. मांजरानं दूध प्यायलं, भाऊंच्या मनगटावर आपली आठवण ठेवली आणि मिशीसकट छपरावर निघून गेलं. मुखरूलाही आपल्या गाईनं केलेल्याचं वाईट वाटत होतं. तो म्हणाला, माझा साळा मोहर्लीला जंगलसफारीची जिप्सी चालवतो, वाघाच्या मिशीचं विचारू का? भाऊंनी त्याचं तोंड तिथंच बंद केलं. त्या एका केसासाठी वनखात्यानं मुखरू, साळा, गुरुजी आणि थंड कपाट सगळं एकाच गाडीत घालून नेलं असतं.

मग मुखरू खाली मान घालून म्हणाला, “शेपटीचा चालन का?”

मंजुषानं विचार केला आणि म्हणाली, की परदेशात घोड्याच्या शेपटीचा वापरतात; गाईचा का नाही? भाऊंची उभी हयात गाईंच्या शेपटामागे गेलेली. त्यांनी शेपटीच्या गोंड्यातून एकेक केस उजेडात धरून चार केस निवडले. मंजुषानं त्यातले तीन नापास केले. चौथा तिनं साबणानं, मग स्पिरिटनं धुतला, एका काडीच्या टोकाला चिकटवला, चुऱ्यात बुडवला आणि नव्या थेंबांमधून एकदाच सरळ ओढला. भाऊ श्वास धरून पाहत होते. दाटीनं उगवलेले धानाचे पऱ्हे उपटून मोकळ्या बांधीत ओळीनं रोवतात, तसंच हे त्यांना वाटलं. फक्त चिखल नव्हता आणि बाया गाणी म्हणत नव्हत्या.

ताटली कपाटात गेली. मंजुषानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली भाऊंच्या हातात दिली.

तिला नागपूरला जायचं होतं. प्राध्यापकांशी बोलायचं, इंदूरची तयारी करायची. बरेच दिवस लागणार होते. मध्ये वीज गेली आणि कपाट बंद पडलं तर बर्फाच्या पिशव्या ठेवायला कोणीतरी पाहिजे. भाऊंनी हात जोडले. म्हणाले, “किल्ली गुरुजीले दे, मंजूबाई. माह्याजवळ नको. तुले माहीत आहे मी कसा आहो.”

“बाबा किल्ली कुठी ठेवली ते विसरतात,” मंजुषा म्हणाली. “तुम्ही विसरणार नाई.”

ते खरंच होतं. त्या दिवसापासून भाऊ दुसरं सगळं विसरले. जेवताना मीठ मागायचे विसरले, दाढी करायची विसरले. किल्ली तेवढी आठवत राहिली. शेवटी त्यांनी ती मीराबाईंच्या पदराला बांधली आणि सांगितलं, की मी कितीही मागितली तरी द्यायची नाही. मीराबाईंनी मान डोलावली. एक दिवस गेला, दोन गेले. मग भाजी चिरता चिरता त्या सहज म्हणाल्या, “कशी दिसत असन वो, लाखोरी?”

भाऊंनी चमकून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मीराबाईंना कधी कशाची उत्सुकता वाटलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी किल्ली पदरातून सोडून परत घेतली आणि बनियनच्या आत दोऱ्यात बांधून गळ्यात घातली. घरातच फितुरी झाल्यावर माणूस दुसरं काय करणार?

बाहेर तर पूरच आला होता. मुखरूच्या गाईची शेपटी विज्ञानाच्या कामी आली, ही बातमी बाजारापर्यंत गेली होती. माणसं पाहायला येऊ लागली. आजवर जो माणूस दुसऱ्याचं झाकण उचलत आला, त्यानं आता दारात खुर्ची टाकली आणि एकेकाला परत पाठवू लागला. पण रिकामं परत पाठवायला जीव होईना. म्हणून ते टाकी बाहेर आणत, झेंडूचं फूल नायट्रोजनमध्ये बुडवत आणि बाहेर काढून फरशीवर टाकत. फूल काचेसारखं फुटायचं. बाया तोंडाला पदर लावायच्या, म्हातारे मागे सरायचे, आणि लाखोरी विसरून सगळे फुलांच्या तुकड्यांवर वाकायचे. गुरुजींच्या अंगणातला झेंडू त्या आठवड्यात संपला.

मुखरू मात्र फुलानं भागणारा नव्हता. तो आला, खुर्चीसमोर उभा राहिला.

“माह्या गाईचा केस आत आहे,” तो म्हणाला, “अन् मलेच पाऊ देत नाई तुम्ही?”

“नाई, मुखरू.”

“इतके दिवस संगती जेवलो आपण.”

“हाव. तरी नाई.”

मुखरूचा चेहरा उतरला. असं दारातून परतवलं तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. भाऊंनी गळ्यातली किल्ली बनियनवरूनच चाचपली.

“मीबी नाई पाह्यलं गा,” ते हळू म्हणाले.

“तुम्ही?”

“मी. लावली तेव्हापासून एकडाव नाई.”

मुखरूनं त्यांना खालवर न्याहाळलं. ह्याच माणसानं एकदा त्याच्या आजारी बैलाच्या घशात कोपरापर्यंत हात घातला होता. उपचार म्हणून नव्हे, आत काय आहे ते पाहायला. तो हळूच पायरीवर बसला.

“मंग खरंच मोठं काम असन,” तो म्हणाला. त्यानंतर जो कोणी येई त्याला मुखरूच परत पाठवू लागला.

मंजुषा आली ती सकाळी. अंगणात झेंडूचा चुरा, टाकी अर्धी रिकामी. तिनं दोन्हीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. भाऊंनी गळ्यातून किल्ली काढून दिली. ती गरम झाली होती. कपाट उघडलं. ताटली भिंगाखाली गेली. भाऊ दाराशीच उभे राहिले, पाठ करून.

“भाऊ, या.”

त्यांनी एक डोळा मिटला, बरोबर तोच, भिंगाबाहेरचा. थेंबात जिथून शेपटीचा केस ओढला होता, तिथे एक ओळ होती. त्या ओळीवर एकेक सुटा, कोरीव कडांचा, आरपार उजेडाचा खडा उभा होता. सुया नव्हत्या. गोळा नव्हता.

“लाखोरीच आहे ना?” त्यांनी विचारलं.

“ते अजून नाई माहीत,” मंजुषा म्हणाली. “औषधी पाण्यातल्या मिठाचे खडेबी असेच देखणे येतात. मीठ असलं तं सुई टोचली की कट्ट करून तडकते. प्रथिन असलं तं सायीवानी दबते. एक फोडून पाहावा लागते.” तिनं सर्वांत लहान खडा समोर आणला आणि सुई भाऊंपुढे धरली. “तुम्हीच फोडा. तुमाले अनुभव आहे.”

जन्मभर फोडत आलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी फोड म्हणत होतं, आणि त्याचा हात उचलेना. भाऊ म्हणाले, तू कर. ती म्हणाली, केस मी ओढला, आता सुई तुमची. शेवटी त्यांनी सुई घेतली. टोक खड्यावर टेकवलं. थांबले. मग थोडं दाबलं.

आवाज आला नाही. खडा मऊपणानं दबला आणि पसरला.

“दबला,” भाऊ म्हणाले.

मंजुषानं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं आणि छताकडे पाहत हसू लागली. गुरुजी चष्मा शोधत आत आले. तो त्यांच्या कपाळावरच होता.

टाकीत उरलेला नायट्रोजन जेमतेम पुरला. मोठे खडे एकेक करून दोऱ्याच्या बारीक फासात उचलले, गोठवले आणि इंदूरला गेले. काही दिवसांनी मंजुषाच्या संगणकावर एक चित्र आलं. करड्या पार्श्वभूमीवर ठिपके, मध्ये दाट, कडेला विरळ, सगळे शिस्तीत. बघायला आलेल्यांची थोडी निराशा झाली. मीराबाई म्हणाल्या, “एवढ्यासाठी मले पाऊ दिलं नाई होय?” मुखरूनं मात्र चित्र गाईला नेऊन दाखवायची परवानगी मागितली. साखळीचा आकार काढायला प्राध्यापकांना अजून बरंच गणित करायचं आहे, पण ठिपके चांगले आहेत, असं त्यांनी कळवलं. आणि सोबत आणखी एक नळी पाठवली. मंजुषानं हैदराबादचं नाव काढणं बंद केलं.

भाऊ त्या चित्रासमोर पुष्कळ वेळ बसले होते.

“मंजूबाई, हे उघडलं कोणी?”

“कोणीच नाई. किरण आरपार गेले, अन् आतलं सांगत बाहेर आले.”

“न फोडता?”

“न फोडता.”

ते उठले. घरी गेले. मीराबाईंनी त्याच सुमारास कोंबडी अंड्यांवर बसवली होती आणि नवऱ्याला त्या कोपऱ्यात जायला सक्त मनाई केली होती. दुपारी त्या बाजारातून परत आल्या, तर खोलीची खिडकी बंद, दार लोटलेलं आणि आत कोंबडीचा आरडाओरडा. त्यांनी पिशवी टाकली आणि दार ढकललं. श्रीहरीभाऊ जमिनीवर बसले होते. एका हातात टॉर्च, टॉर्चच्या तोंडावर एक अख्खं अंडं. अंडं आतून तांबूस उजळलं होतं. त्यात केसाएवढ्या शिरांचं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता.

“दार लाव व,” भाऊ कुजबुजले. “उजेड येते.”

मीराबाईंनी दार लावलं आणि त्याही खाली बसल्या. पाहून झाल्यावर भाऊंनी अंडं जपून परत ठेवलं. कोंबडीनं त्यांना हातावर कडकडून चोच मारली; जुन्या गोष्टी तिच्या घराण्यात कोणी विसरलं नसावं.